कायरोप्रॅक्टिक शिकायचंय म्हणतेस, तर...

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. इंटर्नशिप संपत आली, क्रिकेट अकादमीकडून फिजिओ म्हणून बोलावणं आलं, हे वाचून आनंद झाला. अकादमीच्या कोचने मुलाखतीत विचारलेला प्रश्न मात्र वाचून हसू आलं. ‘मॅडम, तुम्हाला ते मणके मोकळे करता येतात ना?’ त्यांनी मोबाइलवर पाहिलं असणार: पालथा झोपलेला माणूस, कडाड आवाज, आणि उठल्यावर चेहऱ्यावर समाधान. आता खेळाडूही तेच मागणार, म्हणून रुजू होण्याआधी कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातांनी झटका देऊन मणके आणि सांधे हलवण्याच्या त्या उपचारपद्धतीचा, एखादा कोर्स उरकून घ्यावा का, असं विचारतेस.

हात जरूर शीक. आवाज विकायला मात्र बसू नकोस.

त्या आवाजाचं आधी सांगते, कारण खेळाडूंच्या डोक्यात सगळं तिथेच अडकलेलं असतं. 2015 साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढला जात असताना एमआरआयवर टिपला. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर होतात, आतल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो, त्यात वायूची पोकळी तयार होते आणि त्याच क्षणी आवाज येतो. सरकलेलं हाड जागेवर बसलं, दोन मणक्यांमधली गादी आत गेली, नस सुटली, यातलं काही घडलेलं नसतं. पुढची वीसेक मिनिटं तोच सांधा पुन्हा वाजत नाही, एवढंच. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हातांत संधिवाताच्या बाबतीत काही फरक दिसला नाही. त्यांना 2009 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. बोटं मोडू नकोस म्हणून ओरडणाऱ्या आपल्या आज्या हे ऐकायला हव्या होत्या.

मग खेळाडूला बरं वाटतं ते खोटं का? मुळीच नाही. झटक्यानंतर आखडलेले स्नायू काही वेळ सैलावतात, वेदनेची धार बोथट होते, मान किंवा कंबर थोडी जास्त वळते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 च्या सूचनांमध्ये नव्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करायच्या उपायांत शेक, मालिश आणि अक्युपंक्चरच्या पंक्तीला मणक्याच्या मॅनिप्युलेशनलाही, म्हणजे या झटक्यालाही, बसवलं. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्ये अट घातली की हे करायचं तर व्यायामाच्या जोडीनेच. जुनाट कंबरदुखीवरच्या चाचण्या एकत्र करून 2019 साली एक मोठा आढावा निघाला. इतर मान्य उपचारांनी जेवढा गुण येतो तेवढाच यानेही येतो, असा त्याचा निष्कर्ष. जास्त नाही, पण कमीही नाही.

म्हणजे तुझ्या हातात येते ती वेदनेपासून थोडी उसंत. ती फार टिकत नाही. त्या वेळात खेळाडूकडून तू काय करून घेतेस, यावर तुझी सगळी कमाई. कंबर धरलेल्या वेटलिफ्टरला टेबलावरून उठवून घरी पाठवलंस तर दोन दिवसांनी तो परत दारात उभा राहील, आणि त्याला वाटेल की आपला मणका रोज सरकतो. त्याच वेळी हलका बार हातात देऊन खुब्यातून वाकायला लावलंस, पाठ न वाकवता चार आवर्तनं करून घेतलीस, तर त्याच्या लक्षात येईल की हालचाल सुरक्षित आहे. मला या दुसऱ्या प्रकारात रस आहे. आठवड्याला एकदा ‘सर्व्हिसिंग’ला येणारे खेळाडू तयार करणं सोपं असतं, त्यात पैसाही बरा असतो.

हे शास्त्र मैदानावर कसं आलं तेही ठाऊक असू दे. 1895 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थांनी हार्वी लिलर्ड या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा दावा केला. पामर त्याआधी चुंबकशक्तीने रोग बरे करत. बहुतेक सगळे आजार मणक्याच्या बारीक सरकण्यातून होतात, हा सिद्धांत त्यांनी मांडला. तो टिकलेला नाही. पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टर्सना वाळीत टाकलं. त्यावर 1976 मध्ये खटला उभा राहिला आणि 1987 मध्ये न्यायालयाने असोसिएशनचा बहिष्कार बेकायदा ठरवला. न्यायालयाने बहिष्कार मोडला, सिद्धांतावर शिक्का मारला नाही, हे विसरू नकोस. जाहिरातींत हे दोन्ही एकच करून सांगतात.

खेळाडूंना मात्र सिद्धांताशी घेणंदेणं नव्हतं. औषध न घेता दुखणं उतरतं, आणि उत्तेजक चाचणीची भीती असलेल्या माणसाला ही मोठीच गोष्ट आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला लेरॉय पेरी हे कायरोप्रॅक्टर अँटिग्वाच्या संघाबरोबर गेले. 1980 च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकला अमेरिकेने कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांना नेलं, आणि 2010 ला व्हँकुव्हरमध्ये यजमानांच्या पॉलिक्लिनिकमध्येच, म्हणजे खेळाडूंच्या दवाखान्यातच, कायरोप्रॅक्टर बसले. तिथे ते डॉक्टर, फिजिओ आणि मालिश करणाऱ्यांच्या शेजारी, एकाच खेळाडूची एकच फाइल बघत काम करतात. ऑस्ट्रेलियात साठेक फुटबॉल खेळाडूंवर एक अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांना स्पोर्ट्स कायरोप्रॅक्टिकची जोड दिलेल्या गटात पायाचे स्नायू ताणण्याच्या दुखापती कमी झाल्या. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा, फरक मात्र खात्रीने सांगता यावा इतका निघाला नाही. अभ्यास छोटा आहे, पण त्यातलं ‘जोड दिलेल्या’ हे लक्षात ठेव.

आता तुझ्या अकादमीचं. तिथे तुझ्यापुढे सगळ्यात जास्त वेळा येणार तो पंधरा-सतरा वर्षांचा फास्ट बोलर, कंबरेत एका बाजूला दुखतंय म्हणणारा. उजव्या हाताने टाकत असेल तर बहुधा डावीकडे. मागे वाकलं की कळ येते, विश्रांती घेतली की जाते, नेट्समध्ये चार ओव्हर टाकल्या की परत. घरचे म्हणतील उसण भरली, कोच म्हणतील मोकळं करा. तू हात लावू नकोस. या वयात मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड अजून पुरतं पिकलेलं नसतं आणि वारंवार मागे वाकून वळण्याने त्याला ताणाची चीर पडते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, त्यामुळे सगळे निर्धास्त होतात. एमआरआयमध्ये हाडातली सूज आधी दिसते. त्या जागी झटका देणं म्हणजे अर्धवट तुटलेलं पूर्ण तोडायला हातभार लावणं. बुमराहला 2019 मध्ये पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने बाहेर बसवलं, 2022 चा टी-ट्वेंटी विश्वचषक पाठीमुळेच हुकला, आणि 2023 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्यामागे सगळी यंत्रणा उभी होती तरी हे झालं. तुझ्या पोरांच्या मागे तू एकटी असणार.

मानेबद्दल मी त्याहून कडक आहे. अकादमीशेजारी तालीम आहे म्हणतेस, तेव्हा पैलवानही येतील. डावात मान पिळली गेल्यावर लगेच आलेलं, पूर्वी कधी नव्हतं असं मानेचं किंवा डोक्याचं दुखणं, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास: मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटल्याचं ते लक्षण असू शकतं. मानेच्या झटक्यानंतर असं होणं दुर्मीळ आहे, पण फाटलेल्या धमनीवर झटका देणारी तू नसावीस. थेट इस्पितळ. कंबरेचं दुखणं घेऊन आलेल्याला लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर तेही त्याच दिवशी.

हो, आणि पाय लहान-मोठे दाखवून मग ‘सारखे’ करून दाखवणारी जादू करू नकोस. टाच धरण्याच्या कोनावर ते अवलंबून असतं, आणि पैलवानांची पोरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा हुशार असतात.

कोर्सचं म्हणशील तर हिशेब सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणासाठी किमान 4200 तास, चार वर्षं पूर्णवेळ, असं सुचवलं, आणि त्यातले हजार तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात ही मुलं वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर शिकतात. जायचंच असेल तर अशा ठिकाणी. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र नोंदणी परिषद नाही, म्हणून दोन शनिवार-रविवार करून पाटी लावली तरी कोणी हटकत नाही. पण तू फिजिओ आहेस. सांधे हाताने हलवण्याच्या मेटलँड पद्धतीतल्या पहिल्या चार श्रेणी तू शिकली आहेस आणि पाचवी श्रेणी हाच तो झटका. तो शिकायला एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला, मस्क्युलोस्केलेटल (स्नायू-हाडांचा) किंवा स्पोर्ट्स विषय घे आणि ज्यांचा हात चांगला आहे त्यांच्या शेजारी उभी राहा. घाईत पैसे घालवायची गरज नाही.

अकादमीला होकार कळवताना पगाराच्या आधी विचारून घे की प्रत्येक बोलरने आठवड्यात किती चेंडू टाकले याची नोंद कोण ठेवतं, एमआरआय लागला तर खर्च कोण करणार, आणि ‘हा मुलगा आज खेळणार नाही’ असं तू लिहून दिलंस तर ते शेवटचं मानलं जाईल का. तिसऱ्या प्रश्नावर कोच गप्प बसले तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी. त्या शनिवार-रविवारच्या कोर्सचं माहितीपत्रकही पाठव, तासांचा आकडा कुठे छापलाय का ते बघते.

तुझी,
मॅडम