पुतारे : आधी छाटणी, मग हिशेब

विचारणा अशी आहे : लॅटिन 'पुतारे' म्हणजे 'विचार करणे', तर त्यातून कॉम्प्युटर आणि अँप्युटेशन (अवयव कापून टाकणे) दोन्ही कसे निघाले? सोबत 'कॉमन ऑपरेटिंग मशीन…' हा कॉम्प्युटरचा शाळकरी फुल फॉर्मही जोडला आहे. तो आधी डोक्यातून काढून टाका. कॉम्प्युटर हे लघुरूप नाही, कधीच नव्हते. १६१३च्या एका इंग्रजी पुस्तकात हा शब्द आहे, हिशेब करणाऱ्या माणसासाठी. तरी सामान्यज्ञानाची पुस्तके तेच छापत राहतात, याची चीड येते.

'विचार करणे' हा अर्थ मागाहून आला. मूळ अर्थ छाटणे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक केटो शेतीवरच्या एकाच पुस्तकात द्राक्षवेलींच्या छाटणीलाही 'पुतारे' म्हणतो आणि कारभाऱ्याने मालकाशी वरचेवर करायच्या हिशेबालाही. छाटणीवरून हिशेब कसा? रोमन विद्वान व्हारो सांगतो : पुतारे म्हणजे शुद्ध करणे. माळी झाड स्वच्छ करतो, हिशेबनीस बेरीज स्वच्छ करतो. जुन्या लॅटिनमध्ये 'पुरुस पुतुस' म्हणजे अगदी निर्भेळ. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजने रोमला द्यायच्या चांदीबद्दल तहात हेच शब्द होते.

आणि इथे मराठी माणसाने थांबलेच पाहिजे. आपला 'चोख' पाहा. संस्कृत 'चोक्ष' म्हणजे शुद्ध, स्वच्छ. चोख सोने, आणि चोख हिशेब! दोन शब्दांचा संबंध नसताना मनाने तीच वाट धरली.

आधुनिक व्युत्पत्तिकारांपैकी काहीजण पुतारेचे मूळ 'पाविरे', म्हणजे ठोकणे, बडवणे, याच्याशी जोडतात, पेव्हमेंट त्यातलाच. 'पुतुस'चे नाते संस्कृत 'पूत'शी, म्हणजे शुद्धशी, जोडावे तर 'पूत'मधला ऊ दीर्घ, 'पुतुस'मधला ऱ्हस्व, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप खरा आहे, पण ठोकण्यातून हिशेब कसा उगवतो ते ते पटेल असे सांगत नाहीत. इ.स. दुसऱ्या शतकातल्या रोमन लेखक गेलियसने अल्फेनुस नावाच्या कायदेपंडिताला याच 'पुतुस'वरून खोडले होते : पुतारे म्हणजे नको ते कापून उपयोगाचे तेवढे ठेवणे. मी गेलियसच्या बाजूचा.

अँप्युटेशनमधला 'अँ' म्हणजे भोवताली. सभोवार छाटणे, तेही आधी फांद्यांचेच. इटालियन 'पोतारे' आणि स्पॅनिश 'पोदार' आजही छाटणीच करतात. कॉम्प्युटर आला 'कॉम्पुतारे'तून, म्हणजे एकत्र हिशेब करणे. इंग्रजी 'काउंट'ही त्याचाच, फ्रेंचमधून झिजत आलेला.