बिल अडकलंय? तगादा कुणाकडे लावायचा ते आधी बघा

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीला राहते, जाहिरातींचं मराठी भाषांतर आणि सबटायटल्स करते. अंधेरीच्या एका एजन्सीकडे माझे 64 हजार अडकलेत, मार्चपासून. काम देणारी मुलगी बोलायला चांगली आहे, पण दर वेळी "क्लायंटचं पेमेंट आलं की लगेच करते" एवढंच. आता तीच गणपतीच्या कॅम्पेनचं नवीन काम देतेय. नाही म्हटलं तर जुने पैसेपण जातील अशी भीती वाटते. कॉन्ट्रॅक्ट नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर झालंय. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच केलेलं आहे, पण त्याचा उपयोग काय ते कळलं नाही.

उत्तर: आधी नवीन कामाचं. जुने पैसे खात्यात पडेपर्यंत ते घेऊ नका. घेतलंत तर अडकलेली रक्कम वाढेल, दुसरं काही होणार नाही. आणि गणपतीची तारीख कुणाला पुढे ढकलता येत नाही, म्हणजे आत्ता त्यांना तुमची गरज आहे, अशी वेळ वर्षातून एकदोनदाच येते. तिला नीट सांगा, "काम करायचंय, मागचं क्लिअर झालं की लगेच सुरू करते."

दुसरं म्हणजे, काम देणारा माणूस आणि पैसे सोडणारा माणूस बहुतेक ऑफिसांत वेगळा असतो आणि आपण सगळा तगादा पहिल्याकडे लावत बसतो. त्या मुलीच्या हातात कदाचित काहीच नसेल. तिला एकच विचारा: माझं इनव्हॉइस अकाउंट्समध्ये बुक झालंय का, आणि पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरचा) नंबर काय? खूपदा असं निघतं की बिल तिच्याच मेलमध्ये पडून आहे, किंवा त्यांच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावाचा वेंडर कोडच बनला नाही कारण कॅन्सल्ड चेक कुणी मागितलाच नव्हता, किंवा बिलावर कंपनीचं नाव चुकलं म्हणून अकाउंट्सने ते बाजूला ठेवलं आणि कुणी तुम्हाला कळवलं नाही. अकाउंट्सचा मेल आयडी घ्या, यापुढचं सगळं तिथे, तिला सीसीमध्ये ठेवून.

मेल लहान ठेवा. इनव्हॉइस नंबर, तारीख, रक्कम, कोणतं काम कधी दिलं, उद्यम नंबर, आणि पेमेंट अमुक तारखेपर्यंत करावं. घरची अडचण, हप्ते, मुलांची फी यातलं काही लिहू नका, तुम्ही मदत मागत नाही आहात.

आता उद्यमचा उपयोग. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात तुमच्यासारखी एकटी सर्व्हिस देणारी व्यक्तीपण सूक्ष्म उद्योगात बसते. पेमेंटची तारीख लेखी ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, आणि लेखी ठरली असली तरी 45 दिवसांच्या वर नाही. क्लायंटने एजन्सीला दिले की नाही हा त्यांच्यातला मामला. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि काम दिल्यावर 15 दिवसांत लेखी तक्रार आली नसेल तर काम दिल्याच्या दिवसापासून स्वीकारलं असं धरतात, त्यामुळे आता "क्वालिटी बरोबर नव्हती" म्हणायला लागले तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट या मुदतीत केलं नाही तर कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो, हा नियम एप्रिल 2024 पासून आलाय. अकाउंट्सवाल्यांना हे बरोबर माहीत असतं, म्हणून बिलावर उद्यम नंबर ठळक लिहा.

मेलमधली तारीख उलटली तर एमएसएमई मंत्रालयाच्या उशिरा पेमेंटच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी समितीकडे जाते. व्हॉट्सअ‍ॅप चॅट आजच एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलला की जातं सगळं.

प्रश्न: मी लालबागचा, रील्स एडिट करतो, छोट्या हॉटेलांसाठी, सलॉनसाठी. अ‍ॅडव्हान्स मागितला की पार्टी गायब होते. काय करू?

उत्तर: होऊ दे गायब. अ‍ॅडव्हान्सला पळणारा फायनल फाइल मिळाल्यावर थांबला असता असं तुला खरंच वाटतं का? नवीन पार्टीकडून निम्मे आधी घे, बघायला वॉटरमार्कवाली हलकी फाइल पाठव, मूळ फाइल पैसे आल्यावर.

पण तुझ्यासारख्यांचे पैसे खरे बुडतात ते शेवटच्या हप्त्यात. "फायनल झालं की देतो" असं ठरलेलं असतं आणि ते फायनल कधी होतच नाही, फॉन्ट बदल, गाणं बदल, मालकाच्या भावाला आवडलं नाही. म्हणून उरलेले पैसे अ‍ॅप्रूव्हलला बांधू नकोस, तारखेला बांध. पहिला कट दिल्यापासून सात दिवस, दोन वेळा बदल त्यातच, तिसऱ्या बदलाचे वेगळे. काम सुरू करायच्या आधी हे मेसेजवर लिही आणि समोरच्याकडून "ओके" घे. उद्यमपण आत्ताच काढून ठेव, आधार आणि पॅनवर होतं, सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट्सवर जाऊ नकोस. अडकलेल्या जुन्या बिलासाठी नंतर काढलेलं रजिस्ट्रेशन चालेलच असं नाही.

प्रश्न: 60 हजारांच्या बिलाचे 54 हजारच आले. सहा हजार कुणी खाल्ले?

उत्तर: बहुतेक टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स, प्रोफेशनल फीवर 10 टक्के कापतात. इन्कम टॅक्सच्या साइटवर कापलेल्या टॅक्सच्या नोंदीत तुमच्या पॅनवर ते सहा हजार दिसतात का बघा. दिसत असतील तर रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळते होतात, जास्त कापले गेले असतील तर रिफंड येतो. तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत उलटूनही दिसत नसतील तर अकाउंट्सकडे टीडीएस सर्टिफिकेट मागा, कारण कापून सरकारला न भरणारेही भेटतात.