इंग्रजीचा वर्ग आणि सुवार्तेची सेवा: वाचकांचे प्रश्न

परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती वाचकांच्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना आमच्या सल्लागार मंडळाने दिलेली ही उत्तरं.

प्रश्न: मी पदवीधर आहे, इंग्रजी चांगलं बोलते. मंडळीच्या ओळखीने वर्षभर परदेशात शिकवायला जाण्याचं ठरतंय. वेगळा कोर्स करायलाच हवा का? इंग्रजी माझी मातृभाषा नाही, त्याची अडचण येईल का?

कोर्स करा. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे वाक्य कानाला खटकणं वेगळं आणि नवख्या विद्यार्थ्याला ते का चुकलं हे दोन मिनिटांत, त्याला झेपेल अशा इंग्रजीत दाखवणं वेगळं. हे दुसरं काम शिकावं लागतं.

केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमात किमान 120 तासांचं शिक्षण असतं आणि त्यात 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना, दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, प्रशिक्षकासमोर शिकवावं लागतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्टटेसॉल हा कोर्सही याच तोडीचा आहे. ऑनलाइन ‘120 तासांचे टेफल’ (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे कोर्स) ढिगाने मिळतात, पण त्यांतल्या कित्येकांत एकही जिवंत विद्यार्थी समोर येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, ते पाहायला कोण बसतं आणि अभिप्राय लेखी मिळतो का? तिन्हींचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो कोर्स सोडा.

मातृभाषेची अडचण वर्गात येत नाही. उलट दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या शिक्षकाला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधीच ठाऊक असतं. अडचण येते ती व्हिसाच्या खिडकीवर. दक्षिण कोरियाचा ई-2 हा भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तेव्हा देश ठरवण्याआधी नियम वाचा.

प्रश्न: पाठवणारी संस्था म्हणते, “पगार घेणार नाही, म्हणजे हे काम नाही, पर्यटक व्हिसावर जा.” हे बरोबर आहे का?

नाही. बहुतेक देशांत बिनपगारी शिकवणंही कामच धरलं जातं. असा सल्ला देणाऱ्या संस्थेकडे तोच सल्ला लेटरहेडवर लिहून मागा. बहुधा मिळणार नाही आणि मग काय करायचं ते तुम्हाला कळेलच. पकडले गेलात तर परत पाठवणी होते, पुन्हा प्रवेशबंदी लागू शकते आणि तुम्हाला बोलावणाऱ्या तिथल्या मंडळीची चौकशी सुरू होते.

शिवाय व्हिसाचा प्रकार आणि प्रत्यक्ष काम जुळलं पाहिजे. जपानमध्ये धर्मकार्यासाठी निवासाचा स्वतंत्र दर्जा आहे. त्यावर राहून मानधन घेऊन इंग्रजी शिकवायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते. कोरियात धर्मकार्याचा डी-6 आणि भाषाशिक्षणाचा ई-2 हे दोन निराळे व्हिसा आहेत.

कागदांचा क्रम सांभाळा. पदवी प्रमाणपत्राचं साक्षांकन आधी उरका, कारण त्याला वेळ लागतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला शेवटी काढा. तो जुना झाला की चालत नाही, पुष्कळ ठिकाणी सहा महिन्यांच्या आतलाच मागतात. दोन्ही देश 1961च्या हेग कराराचे सदस्य असतील तर अपोस्टिल, म्हणजे सदस्य देशांत चालणारं साक्षांकनाचं प्रमाणपत्र, पुरतं. चीनमध्ये ही सोय नोव्हेंबर 2023पासून लागू झाली. सदस्य नसतील तर दूतावासाचा शिक्काही लागतो, म्हणून त्यासाठी आणखी काही आठवडे हाताशी ठेवा. पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे पहिल्याच दिवशी तपासा. लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि गळलेलं मधलं नाव यांपायी अर्ज अडकतात.

प्रश्न: इंग्रजी शिकवता शिकवता सुवार्ता सांगायला कायद्याने कुठे आडकाठी आहे?

पुष्कळ ठिकाणी आहे आणि प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे. नेपाळच्या 2015च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट 2018पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या 158व्या कलमात त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर काढतात. चीनच्या 1994च्या नियमांनुसार परदेशी माणसाला चिनी नागरिकांमध्ये धर्मप्रसार करता येत नाही. रशियात 2016च्या दुरुस्तीनंतर मिशनरी कामासाठी धर्मसंस्थेचं लेखी अधिकारपत्र लागतं.

मोरोक्कोच्या दंडसंहितेचं 220वं कलम शिक्षकांनी मुद्दाम वाचावं. मुस्लिम व्यक्तीची श्रद्धा डळमळीत करण्यासाठी तिच्या गरजेचा फायदा घेणं किंवा त्यासाठी शैक्षणिक संस्था वापरणं याला तिथे 6 महिने ते 3 वर्षं कैद आहे. तिथे निमित्त म्हणून चालवलेला इंग्रजीचा वर्ग थेट या कलमात बसतो.

आणि परदेशी शिक्षक विमानाने परत जातो. चौकशीला तोंड देतो तो त्याचा विद्यार्थी आणि विद्यार्थ्याच्या घरचे लोक. कायदा तोडायचा की नाही हा निर्णय एकट्याच्या धाडसाचा नाही. स्थानिक पाळक ‘इथे बोलू नका’ म्हणाले तर बोलू नका.

प्रश्न: मग वर्ग हे निमित्त आणि सुवार्ता हा हेतू, असं असलं तर त्यात काही खोटं आहे का?

हेतू मनात असण्यात खोटं नाही, तो लपवण्यात आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना, 1859मध्ये, गिडो व्हर्बेक हे मिशनरी नागासाकीला आले. बंदीचे जाहीर फलक 1873मध्ये उतरेपर्यंत उघड प्रचार अशक्य होता. त्या वर्षांत त्यांनी इंग्रजी शिकवलं आणि इतकं मनापासून शिकवलं की पुढे पंतप्रधान झालेले ओकुमा शिगेनोबू त्यांचे विद्यार्थी होते. ते मिशनरी आहेत हे लोकांना ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना वर्गात शिक्षण मिळत होतं, म्हणून तो वर्ग टिकला.

2011मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्ष देण्याच्या आचारपद्धतीवर एक निवेदन काढलं. लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणं, आमिष दाखवणं याला ख्रिस्ती सेवेत जागा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नोकरीसाठी इंग्रजीची निकड असलेला माणूस गरजवंतच असतो, हे विसरू नका.

जिथे कायद्याची मुभा आहे तिथे असं करा. पत्रकावर वर्ग कोण चालवतं ते ठळक छापा. बायबल वाचन ठेवणार असाल तर तेही छापा, ‘ऐच्छिक’ या शब्दासकट. इंग्रजीचा तास संपला की 10 मिनिटं सुट्टी द्या आणि वाचन दुसऱ्या खोलीत, शक्यतो दुसऱ्या दिवशी घ्या. तास संपता संपता त्याच खोलीत प्रार्थना सुरू केली की उठून जाणाऱ्याला सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. त्याला ऐच्छिक म्हणता येत नाही. प्रवेश, गुण, प्रमाणपत्र यांतलं काहीही बायबल वर्गाच्या हजेरीवर अवलंबून नको. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. भर तासात कुणी श्रद्धेबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत खरं उत्तर द्या, बाकीचं तासानंतर.

प्रश्न: 25 प्रौढ विद्यार्थी, कुणाला अक्षरओळख नुकती झालेली, कुणी कॉलेजात शिकलेलं. पुस्तकं नाहीत, प्रिंटर नाही, फळा आहे. 60 मिनिटांत काय शिकवावं?

आधी पातळी पाहा आणि त्यासाठी व्याकरणाची प्रश्नपत्रिका काढू नका. प्रत्येकाशी दोन मिनिटं बोला. नाव काय, सकाळी काय करता, गेल्या रविवारी काय केलंत, उद्या पाऊस आला तर काय कराल, तुमच्या कामात काय बदलायला हवं आणि का? प्रश्न असे चढत जातात. माणूस कुठल्या प्रश्नाला थांबला ते टिपलं की तो ए1, ए2 की बी1 (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या चढत्या पातळ्या, ए1 सगळ्यात खालची) याचा कामापुरता अंदाज येतो. दोघं शिक्षक असतील तर अर्ध्या तासात 25 जण होतात. दोन गट पाडता आले तर उत्तम. नाही आले तर धडा एकच ठेवा, पण काम दोन पातळ्यांवर द्या.

दुखणंखुपणं हा विषय घ्या. तो सगळ्यांना लागतो. पहिली 5 मिनिटं मागच्या धड्याची उजळणी. पुढची 10 मिनिटं फळ्यावर माणसाची साधी आकृती काढून डोकं, पोट, दात, पाठ अशा आठ शब्दांची ओळख. दहाच्या वर नवे शब्द एका तासात कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मग चार ओळींचा संवाद फळ्यावर लिहा: ‘व्हॉट्स द मॅटर?’ ‘आय हॅव अ हेडेक.’ ‘हाउ लाँग हॅव यू हॅड इट?’ ‘फॉर थ्री डेज.’

आता 15 मिनिटं सराव. आधी सगळा वर्ग एकसुरात म्हणेल, मग एकेक रांग, मग एकेकटा. दर फेरीनंतर फळ्यावरचे दोन शब्द पुसा, पण म्हणायला लावा पूर्ण ओळ. आधी ‘हेडेक’ जातो, मग ‘थ्री डेज’, मग ‘हाउ लाँग’. शेवटी फळ्यावर चार आडव्या रेघा उरतात आणि संवाद वर्गाच्या तोंडात आलेला असतो. ना कागद लागला, ना छपाई.

पुढची 20 मिनिटं जोड्या. नवखे ‘आय हॅव अ…’ इतकंच बदलून बोलतील. पुढचे विद्यार्थी ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ दोन्ही वापरतील आणि शेवटी जोडीदाराचं दुखणं तिसऱ्याला सांगतील: ‘ही हॅज हॅड अ टूथेक सिन्स मंडे.’ कुणाची जोडी कुणाशी लावावी, स्त्री-पुरुषांची लावावी का, थोरामोठ्याला तरुणाने दुरुस्त करावं का, हे स्थानिक सहकाऱ्याला आधी विचारून घ्या. शेवटची 10 मिनिटं चुकांसाठी ठेवा. सरावाच्या वेळी चूक तिथल्या तिथे सुधारा, पण जोडीतलं बोलणं मध्येच तोडू नका. वहीत टिपा आणि पाच चुका नावं न घेता फळ्यावर लिहा. वर्गालाच दुरुस्त करू द्या.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त शिक्षकाच्या बडबडीमुळे. 60पैकी 40 मिनिटं शिक्षक बोलला तर उरलेल्या 20 मिनिटांत 25 जणांच्या वाट्याला एकेक मिनिटही येत नाही. दुसरी गोष्ट, ‘समजलं का?’ हा प्रश्न. त्यावर सगळे मान हलवतात, न समजलेलेही. त्याऐवजी विचारा: आता लिहायचं की बोलायचं? जोडीतली सुरुवात कोण करणार, ए की बी? तिसरी गोष्ट उतावळेपणा. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा; परक्या भाषेत वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

प्रश्न: बायबल हेच इंग्रजीचं पाठ्यपुस्तक म्हणून वापरावं का?

इंग्रजीच्या वर्गात नको. ऐच्छिक बायबल वर्गात वापरा, पण आवृत्ती पारखून. 1611ची किंग जेम्स आवृत्ती सुंदर आहे, पण ‘दाउ’ आणि ‘दाय’ शिकलेला विद्यार्थी ते मुलाखतीत वापरून बसेल. 1949ची बेसिक इंग्लिशमधली आवृत्ती अवघ्या 1000 शब्दांत आहे. मात्र त्या मर्यादेपायी वाक्यं कुठे कुठे अवघडतात आणि रोजच्या बोलण्यात येत नाहीत. गुड न्यूज भाषांतर आमच्या मते ए2च्या पुढच्यांसाठी सोयीचं आहे.

बायबलमधल्या पत्रांपेक्षा गोष्टी निवडा. लूकच्या 15व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट 22 वचनांची आहे. ती दोन बैठकांत करा, सहा अवघड शब्द आधी द्या आणि शक्य असेल तर विद्यार्थ्यांच्या भाषेतलं भाषांतर शेजारी ठेवा. प्रश्न गोष्टीतले विचारा: बापाने काय केलं, थोरला मुलगा का रागावला? ‘तुम्हाला हे पटतं का?’ असं भर वर्गात विचारून कुणाला कोंडीत पकडू नका.

प्रश्न: सुट्टीतल्या दोन आठवड्यांसाठी गेलं तर उपयोग होईल का?

वर्ग चालवायला नाही. स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली जा आणि त्याच्या विद्यार्थ्यांशी तासन् तास बोला. ते त्यांना हवंच असतं. त्याला बाजूला सारून फळ्यासमोर उभे राहू नका, तुमच्यानंतर तिथे तोच उभा राहणार आहे.

मुदत कितीही असो, चार गोष्टी ठरवून जा. वैद्यकीय कारणाने विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या. साध्या प्रवास विम्यात तो पुष्कळदा नसतो. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, ते देणगीदारांच्या पुढच्या हप्त्यावर सोडू नका. लहान मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नका आणि विद्यार्थ्यांचे चेहरे मंडळीच्या बातमीपत्रात छापू नका; वर सांगितलेल्या देशांत एक फोटोही पुरावा ठरू शकतो. आणि वर्गाची वही ठेवा: तारीख, काय शिकवलं, काय अर्धवट राहिलं, कोण कुठे अडतो. पुढचा शिक्षक ती वाचून दुसऱ्याच दिवशी पुढचा धडा घेऊ शकेल. वही नसली की नवा माणूस पुन्हा ‘माय नेम इज’पासून सुरुवात करतो आणि तेच विद्यार्थी वर्षानुवर्षं पहिल्याच धड्यावर राहतात.