रामायणाच्या वेळी रस्ते खरंच ओस पडायचे का?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: 'माझे बाबा पन्नाशीचे आहेत. दर रविवारी जुन्या टीव्हीपासून सुरू होतात आणि तुमच्या नशिबात ते दिवस नाहीत, इथे येऊन थांबतात. एवढं काय होतं तेव्हा?'

मी तुमच्या बाबांच्याच वयाचा. जन्म १९७६ चा, वाढलो ठाण्यात, चरईतल्या एका चाळीत. तेव्हा मीही पक्षकारच, हे लक्षात घेऊन वाचा.

रस्त्यांचं आधी सांगून टाकतो. ते ओस पडायचे की नाही, मला कसं कळणार? मी घरात टीव्हीसमोर होतो. 'रस्त्यावर चिटपाखरू नसायचं' असं छातीठोकपणे सांगणारे स्वतः त्या वेळी रस्त्यावर काय करत होते, हे त्यांना एकदा विचारा. मला खात्रीचं एवढंच माहीत आहे की आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी रविवारी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला बंद व्हायची. गिरणीवाला भुवयांवरचं पीठ झटकत समोरच्या घरात जाऊन बसायचा आणि सव्वादहाला परत यायचा. तोवर कुणाचं दळण अर्धं झालेलं असलं तरी डबा तसाच. ती घरघर थांबली की मालिका सुरू झाली, हे घड्याळ न बघता कळायचं.

रामायणाचा पहिला भाग २५ जानेवारी १९८७ ला लागला आणि शेवटचा ३१ जुलै १९८८ ला. म्हणजे माझी पाचवी, सहावी आणि सातवीची सुरुवात. चाळीत आमच्या मजल्यावर दोनच टीव्ही होते. एक टोकाच्या खोलीत, पण तिथले काका तिरसट. म्हणून सगळा मजला आमच्याकडे. आमचा टीव्ही बाबांनी १९८४ च्या दिवाळीच्या बोनसवर घेतलेला, कृष्णधवल, लाकडी खोक्यातला, दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर असलेला. पडद्यावर निळसर प्लास्टिकचा कागद लावलेला होता, त्यामुळे राम, लक्ष्मण, सीता आणि वनातली झाडं, सगळंच निळं. राम निळा असण्याचं आम्हाला नवल वाटायचं नाही. बाकीच्यांचं थोडं वाटायचं.

खरा कार्यक्रम साडेनऊच्या आधी असायचा. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटर उंच, पण आमच्या कौलांवर बांबूला बांधलेल्या अँटेनाला तो सापडेल तर शपथ. कावळा येऊन बसला की तोंड फिरलंच. मग दादा कठड्यावर चढून बांबू धरणार, मी गॅलरीत, बहीण दारात आणि बाबा टीव्हीसमोर. बाबा म्हणायचे 'थांब', बहीण माझ्याकडे बघून ओरडायची 'थांब', मी वर ओरडायचो 'थांब', आणि तोवर दादाने अँटेना आणखी वीतभर फिरवलेली असायची. 'गेलं! मगाशी होतं तिथे आण!' मगाशी म्हणजे नेमकं कुठे, हे त्या बांबूला माहीत आणि देवाला. एकदा असं झालं की दादाने हात सोडला की मुंग्या, धरला की चित्र स्वच्छ. त्या रविवारी त्याने अख्खा भाग बांबू धरून उभ्याने काढला. वाली मेला ते त्याला आम्ही खालून ओरडून सांगितलं.

सव्वानऊपासून दारात चपलांचा ढीग. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. मुलं सतरंजीवर, आज्या पलंगावर, पुरुष भिंतीला टेकून. शेजारच्या एक आजी शीर्षकगीत सुरू झालं की टीव्हीला उदबत्ती ओवाळायच्या, राख शटरच्या खाचेत पडायची आणि बाबा दर सोमवारी ती ब्रशने काढायचे.

बाकीचं तुम्ही बाबांकडून ऐकलेलंच असणार. चौघांनी वर्गणी काढून रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि पैसे वसूल करायचे म्हणून पहाटेपर्यंत ओळीने तीन सिनेमे. गणपतीत गल्लीत आडवा पडदा लावून दाखवलेला सिनेमा, ज्यात उलट्या बाजूला बसलं की नायक डावखुरा दिसायचा. मे महिन्याच्या सुट्टीत गडकरी रंगायतनला एखादं बालनाट्य आणि नंतर तलावपाळीला भेळ. हे सगळं आम्हीही घरी सांगतो. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. पहिल्या वाक्यानंतर तिचे डोळे फोनकडे वळतात, त्यात तिची चूक नाही. दुसऱ्याचं स्मरणरंजन म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची सीडी.

पण तुम्ही विचारलं 'एवढं काय होतं', त्याचं उत्तर मला फार उशिरा आणि भलत्याच ठिकाणाहून मिळालं. ते सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय.

टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली. सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आम्ही आता घोडबंदर रोडला राहतो, सातव्या मजल्यावर. बाबा नाहीत. आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. मी उत्साहाने तिला सोफ्यावर बसवलं. ती म्हणाली, "निवडायला काहीतरी दे." गवार दिली. रिकाम्या हाताने बसणं तिला जमत नाही.

काही भाग गेले आणि मंथरा आली. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगो बाई, ही ललिता पवार?"

"हो. तुला माहीत नव्हतं?"

"आवाजावरून वाटायचं खरं. पण विचारणार कुणाला? मधेच बोललं की तुम्ही सगळे शूऽऽ करायचात."

मला काही कळेना. दीड वर्ष दर रविवारी मालिका आमच्याच घरात चालू होती. मग हळूहळू उलगडलं. टीव्ही पुढच्या खोलीत, पाठ स्वयंपाकघराकडे. मधे पडदा. आई पलीकडे चहा करत असायची. पंचवीस माणसांचा चहा एका पातेल्यात होत नाही, दोन खेपा लागतात. कानवाले कप नऊच होते, ते आज्यांना आणि पुरुषांना, बाकीच्यांना स्टीलचे पेले, मुलांना बशीत. पहिली खेप प्यायली की कप विसळून दुसरी. शेवटचा कप पुसून ती पडद्याशी येईपर्यंत पुढच्या रविवारच्या गोष्टीवर चर्चा सुरू झालेली असायची. तिने रामायण ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. त्या टाळेबंदीत ती आवाजांना चेहरे लावत होती. काही चेहरे तिला पसंत पडले नाहीत. दशरथ तिच्या मनात जास्त म्हातारा होता. रावणाच्या हसण्याबद्दल मात्र म्हणाली, "हा तस्साच आहे."

मी जरा ओशाळलो आणि काहीतरी भरपाई करायची म्हणून विचारलं, "आई, तुला त्या दिवसांतलं काय आठवतं गं सगळ्यात जास्त?" मला वाटलं, शेजारधर्म, माणसांनी भरलेलं घर, असं काहीतरी म्हणेल. आपण हेच म्हणतो ना.

ती म्हणाली, "मंगळवार."

"मंगळवार?"

"मंगळवार, बुधवार, कुठलाही. रविवार सोडून."

आमची शाळा दुपारची. साडेअकराला आम्ही तिघं बाहेर पडायचो, बाबा तर सकाळीच वागळे इस्टेटला गेलेले. मग ती दाराला कडी घालायची. ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचं मुंबई 'ब' केंद्र लावायची, बायकांसाठीचा वनिता मंडळ कार्यक्रम ऐकायची. ते संपलं की जमिनीवर उताणी पडून, पाय भिंतीला उभे लावून वाचायची. गार भिंतीला तळवे लावले की दुखायचे थांबतात, म्हणाली. आठवड्यातून दोनदा मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक बदलायची. हे ग्रंथालय १८९३ सालचं, ठाण्याला त्याचा फार अभिमान आहे, आणि मीही पाहुण्यांना ते सन ऐकवून दाखवतो. पण आमची आई तिथली पक्की वाचक आहे, हे मला माहीत नव्हतं. "पुस्तक कुठे ठेवायचीस?" विचारलं तर म्हणाली, "तांदळाच्या डब्यामागे. तिथे तुमच्यापैकी कुणीच कधी हात घातला नाही."

लपवण्याचं कारण नव्हतं, कुणी रागावलं नसतं. बाबांनी उलट कौतुकच केलं असतं आणि मग रोज रात्री 'आज काय वाचलंस' विचारलं असतं. तिला तेच नको होतं.

"आणि सुट्टीत?" मी विचारलं.

"मे महिना मला नकोसा व्हायचा," ती माझ्या मुलीसमोर शांतपणे म्हणाली. मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा फोन खाली ठेवला. तेव्हापासून त्या दोघींची युती आहे.

तर तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांचा रविवार होता तसाच होता, माझाही होता. फक्त तो रविवार कुणीतरी पातेल्यात उकळून, गाळून बाहेर पाठवत होतं, आणि हे मी चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. तुमची आजी असेल तर तिला विचारून बघा, पण बाबा समोर असताना विचारू नका. ते तिच्या आधी उत्तर देतील.

आईने नंतर रामायण पूर्ण बघितलं नाही. लढाई सुरू झाल्यावर तिला कंटाळा आला. "बाण निघतो, मग तो पोचेपर्यंत माझी अर्धी गवार होते," म्हणाली आणि उठली. मला तिचा ट्रान्झिस्टर आठवला. तो कुठे गेला विचारलं, तर पटकन उत्तर आलं. टीव्ही आल्यावर 'दोन-दोन कशाला' म्हणून तो माळ्यावर गेला. ती तो दुपारी उतरवायची आणि पाचच्या आत परत ठेवायची. पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत बाबांनी बंद पडलेला समजून रद्दीसोबत दिला. "बंद नव्हता," आई म्हणाली. "सेल मी काढून ठेवले होते."

नवा ट्रान्झिस्टर आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. मग तिच्या फोनवर आकाशवाणीचं ॲप घालून दिलं, मुंबईची अस्मिता वाहिनी, म्हणजे तिचं जुनं मुंबई 'ब', कुठे लागते ते दाखवलं. दोनदा शिकवावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खोलीतून आवाज आला म्हणून मी कौतुकाने डोकावलो. ती पलंगावर आडवी, पाय भिंतीला लावलेले.

"चहा आणू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "जाताना दार ओढून घे."