पोस्टिंगला निघण्याआधी

प्रिय डॉक्टर,

कम्युनिटी मेडिसिनची पोस्टिंग म्हणजे पीजीच्या अभ्यासाची हक्काची सुट्टी, असं तुमच्या बॅचमध्ये ठरलंय म्हणे. रात्री खुशाल वाच, पण दिवसा आशाताईंच्या मागे फिर.

पावसाळ्यात नागपुरातली वस्ती मिळाली म्हणजे डेंग्यूचं सर्वेक्षण आलंच. इथे उन्हाळा सरला की कूलर बंद होतो, पण खिडकीतून हलत नाही, आणि टाकीत चार बोटं पाणी उरतंच. टॉर्च मार. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, अळी पृष्ठभागाला तिरकी लटकलेली दिसेल. उजेड पडताच वळवळत तळाशी जाते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर, आडवी असते. परीक्षेत आकृती काढली असशील, आता डोळ्यांनी बघून घे.

मग "पाणी ओतून टाका" एवढं सांगून पुढच्या घराकडे वळू नकोस. अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणजे टाकी घासायला हवी. "ताई, तिथवर हात पोचतो का?" असं विचार. कूलर सज्जावर बाहेरून बसवलेला, किंवा घरमालकाचा, भाडेकरूने हात लावायचा नाही... खरी अडचण अशा उत्तरांतून कळते.

शंभर घरांपैकी आठांत अळ्या सापडल्या तर हाऊस इंडेक्स ८. आकडा सोपा आहे. मी विचारीन ते कुलूपबंद घरांचं. ती गाळून काढलेला इंडेक्स कागदावर छान दिसतो, बाकी काही नाही.

लॉगबुकवर सही करणारे बरेच भेटतील. त्यातलं एक माणूस असं धर, जे आठवड्यातून एकदा तुझ्यासोबत गल्लीत उतरेल आणि "हे घर का सुटलं?" म्हणून अडवेल. त्यांच्याकडे अर्धवट नोंदी घेऊनच जा. सगळं नीटनेटकं झाल्यावर विचारायला काही उरत नाही. आशाताईंना मात्र हुकूम सोडू नकोस. त्या पगारी नोकर नाहीत, मानधन आणि कामागणिक मोबदल्यावर राबतात. तुझ्यासाठी थांबलेला तास बहुधा फुकटच जातो.

विदर्भात आहेस, तेव्हा सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, रिपोर्टही हातात येतील. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आजारच असं नाही. माणूस नुसता वाहकही असू शकतो. ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या तपासणीनंतरच सांगता येतं. आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर रिपोर्ट दारात उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल असा वाचू नकोस. आत बस, चहा घे, मग बोल.

शनिवारी वस्तीचा हाताने काढलेला नकाशा घेऊन ये. बंद घरं लाल पेनाने दाखव, आणि त्यातली किती संध्याकाळी सहानंतर उघडतात तेही विचारून ठेव.

तुझा,
सर