क्रिटिकल पाथ म्हणजे ‘संकटमार्ग’ नव्हे

नागपुरातल्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलंय: पावसाआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे आणि कामाचं वेळापत्रक सभासदांना मराठीत द्यायचं आहे. भाषांतराच्या अ‍ॅपने वेळापत्रकातल्या क्रिटिकल पाथला ‘संकटमार्ग’ आणि फ्लोटला ‘तरंग’ सुचवलं. हे शब्द चालतील का? आणि माइलस्टोनला ‘टप्पा’ म्हटलं तर?

तिन्ही नकोत. पण नवे शब्द ठरवण्याआधी तुमचंच काम मांडून पाहू.

जुना थर खरवडून काढायला ६ दिवस, उतार देऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायला ५, कोब्यावर पाणी मारायला ७, आणि शेवटी गच्चीत पाणी तुंबवून गळतीची चाचणी ३ दिवस. यातलं एकही काम आधीचं संपल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे साखळी २१ दिवसांची झाली. दुसरीकडे, बाहेरच्या भिंतीला परांची बांधायला २ दिवस आणि पावसाच्या पाण्याचे पाइप बदलायला ४. हे ६ दिवसांचं काम पहिल्याच दिवशी सुरू करता येतं. चाचणी १९व्या दिवशी सुरू होते, त्याआधी पाइप लागले म्हणजे झालं.

या दोन साखळ्यांपैकी जी सर्वांत लांब, तीच कामाची एकूण मुदत ठरवते. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७च्या सुमारास ड्यूपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामांसाठी ही पद्धत बसवली. इथल्या ‘क्रिटिकल’चा संकटाशी संबंध नाही, ‘महत्त्वाचा’शीही नाही. कोब्यावर पाणी मारणं हे सगळ्यात स्वस्त काम, मिस्त्रीही लागत नाही, तरी ते या साखळीत आहे. पाइपचं बिल त्याहून कितीतरी मोठं असलं तरी पाइप साखळीबाहेर. शास्त्रीय परिभाषेत क्रिटिकल टेंपरेचरला ‘क्रांतिक तापमान’ म्हणतात, त्या धर्तीवर ‘क्रांतिक मार्ग’ म्हणता येईल. शब्द चूक नाही, पण सोसायटीच्या फळ्यावर तो वाचून लोकांना क्रांतीच आठवेल. मी ‘निर्णायक मार्ग’ लिहीन: मुदतीचा निर्णय करणारा.

फ्लोट म्हणजे कामाला जितका उशीर चालतो ते दिवस. त्याला ‘सवड’ लिहा. इतका नेमका शब्द घरात असताना बाहेर शोधायची गरज नाही. चाचणीआधी १८ दिवस मिळतात, म्हणून पाइपच्या साखळीला १८ वजा ६, म्हणजे १२ दिवसांची सवड आहे. निर्णायक मार्गावरच्या कामांची सवड शून्य. मात्र इथे एक गफलत हमखास होते. तक्त्यात परांचीसमोर १२ आणि पाइपसमोरही १२ लिहिलेले दिसतात, आणि दोघांनाही वाटतं की हे बारा दिवस आपले. ते सामाईक आहेत. परांचीवाल्याने दहा दिवस उशीर केला तर पाइपवाल्याला दोनच उरतात. म्हणून हिशोबात दोन सवडी वेगळ्या मांडतात. एकूण मुदतीला धक्का न लावता जितकं लांबवता येतं ती ‘एकूण सवड’. पुढच्या कामाची सुरुवात न ढकलता जितकं लांबवता येतं ती ‘मोकळी सवड’. परांचीची एकूण सवड १२, पण मोकळी सवड शून्य. पाइपची दोन्ही १२. दोन कंत्राटदार वेगळे असतील तर मोकळ्या सवडीचा रकाना गाळू नका.

सवड म्हणजे बफरही नव्हे. सवड गणितातून आपोआप निघते, बफर आपण मुद्दाम ठेवतो. त्याला ‘राखीव दिवस’ पुरे.

‘दिवस’ हा शब्दही साधा वाटतो तितका नाही. वरचे २१ सलग दिवस आहेत, रविवार धरून. १० जूनला चाचणी संपवायची तर काम २१ मेला सुरू झालंच पाहिजे, कारण जूनच्या मध्यावर आपल्याकडे पाऊस येतो. पण वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आठवडा सहा दिवसांचा ठेवला तर ते पाणी मारण्यातूनही रविवार वगळतं आणि मुदत उगाच वाढते. सिमेंटला रविवार नसतो. तेव्हा ‘कामाचे दिवस’ आणि ‘सलग दिवस’ असे दोन शब्द पहिल्याच ओळीत ठरवून घ्या.

काही जण पाणी मारणं हे काम न दाखवता दोन कामांमधला नुसता ‘थांबा’ दाखवतात. गणित तेच येतं, पण थांब्यासमोर कोणाचं नाव लिहिलं जात नाही. मग मेच्या उन्हात कोब्यावर पाणी साठवायला केलेली आळी दुपारपर्यंत कोरडी पडते, संध्याकाळपर्यंत कोणी बघत नाही आणि कोब्याला भेगा जातात. काम म्हणूनच लिहा, माणसाच्या नावासकट.

घाई करायची असेल तर पैसा निर्णायक मार्गावरच ओता. दोन टोळ्या लावून थर काढणं सहाचं चार दिवसांवर आणलं तर मुदत १९ दिवस होते. पाइपला माणसं वाढवली तर एक दिवसही वाचत नाही. उलट पाइपला १५ दिवस उशीर झाला तर सवड संपून वर ३ दिवस लागतात, मुदत २४ होते आणि निर्णायक मार्ग आता पाइपमधून जातो.

आता टप्पा. टप्प्याला लांबी असते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ५२० किलोमीटरचा. तो ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, ती घटना म्हणजे माइलस्टोन. माइलस्टोनला स्वतःची लांबी नसते, वेळापत्रकात त्याचा कालावधी शून्य दिवस धरतात. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत, दगड स्वतः एकाच जागी उभा. त्यामुळे ‘थर काढणे’ हा टप्पा आणि ‘थर पूर्ण निघाला, सचिवांनी पाहून सही केली’ हा माइलस्टोन. मराठीत ‘मैलाचा दगड’ गौरवासाठी इतका वापरला गेलाय की तक्त्यात तो भारदस्त वाटतो. ‘खूण’ लिहा, किंवा सरळ माइलस्टोन. पैशांचे हप्ते टप्प्याला न बांधता खुणेला बांधा. ‘टप्पा चालू आहे’ एवढ्यावर कंत्राटदार हप्ता मागतो, सही झालेली नसेल तर मागता येत नाही.

शेवटी स्कोप, म्हणजे ठरलेल्या कामात काय काय येतं ते. त्याला ‘व्याप्ती’ हा शब्द रूढ आहे, तोच ठेवा. परांची लावलीच आहे तर लगे हात भिंतही रंगवून घेऊ, असं कोणीतरी म्हणणारच. त्यासाठी कंत्राटदारांचा ‘वाढीव काम’ हा शब्द तयार आहे. त्याचा दर, दिवस आणि मंजुरी वेगळ्या कागदावर घ्या.