पाळीची तारीख विचार

तू गावातली नवीन आशा सेविका, म्हणून सांगते. ‘पाळी बरोबर येते ना?’ असं विचारू नकोस, सगळ्या हो म्हणतात. मागची तारीख विचार. 21 ते 35 दिवसांचं अंतर चालतं, वयात येणाऱ्या पोरींना 45 पर्यंतही. सात दिवसांवर अंगावरून जातंय, तासा-दोन तासाला कपडा भिजतोय, मोठ्या गाठी पडताहेत, तर हिमोग्लोबिन बघायला लाव. 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. कापूस वेचताना धाप लागते ती उन्हानेच, असं धरू नकोस. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजारही आहे, तीही तपासणी सांग. तीन महिने पाळी नाही? आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइड. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला एक डाग दिसला तरी डॉक्टरकडे न्यायचंच. म्हाताऱ्या लपवतात गं. सुनेशी बोल, धुणं तीच धुते.